सोलां भितर घेयात!

मे संपत आला होता. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो आणि गोव्यातल्या केरीला पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. मुक्काम मित्राच्या मामीकडे. अंगणात तीन चटयांवर सोलं, म्हणजे आपली आमसुलं, वाळत होती. काळपट लाल, कडा आत वळलेल्या, बोट लावलं की चिकट. रसात भिजवायची, पुन्हा उन्हात घालायची, असं चारपाचदा चालतं म्हणे.

तीनच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुटला. मी खूश. मामी मात्र घाटाकडे बघत होत्या. तिथे एक ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत वर चढत होता.

शाळेत 'आघाडी' शिकलो होतो (हल्ली हा शब्द राजकारणातच ऐकू येतो). थंड आणि उबदार हवा समोरासमोर आल्या की पटकन मिसळत नाहीत. त्यांच्यामधली सीमा म्हणजे आघाडी. नॉर्वेतल्या बर्गेनच्या शास्त्रज्ञांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ही कल्पना मांडली, नाव सरळ रणांगणावरून उचललं. थंड हवा जड, ती पाचरीसारखी खाली घुसते. वर रेटलेल्या हवेतल्या बाष्पाचे थेंब होतात आणि त्यातून सुटलेली उष्णता ढगाला आणखी वर ढकलते. युरोपात अशी आघाडी शेकडो किलोमीटर पसरते. गोवा 15 अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्यात इथे तेवढी थंड हवा येणार कुठून? पण तिचं धाकटं भावंड येतं. समुद्रावरचे खारे वारे तापलेल्या जमिनीवरच्या हवेखाली शिरतात, पुढे सह्याद्री आडवा. मी ज्या वाऱ्यावर खूश होतो, तोच ढगाला खतपाणी घालत होता.

मग वारा पडला. माडाची झावळी हलेना. आणि अचानक उलट्या बाजूने, घाटाकडून, फ्रीज उघडल्यासारखा गार झोत आला. पावसाने गारठलेली हवा ढगातून खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. ही वादळाने स्वतःच उभी केलेली आघाडी, पावसाच्या पुढे धावणारी.

"सोलां भितर घेयात!"

मी मोबाइलवर रडारचं चित्र उघडेपर्यंत मामींनी दोन चटया ओसरीवर ओढल्या होत्या. तिसरी माझ्या वाट्याची. मी एक टोक धरलं, दुसरं वाऱ्याने. अर्धी सोलं तुळशीभोवतीच्या मातीत गेली, वर टपोरे थेंब.

सकाळी निघताना मामींनी हातात पुडी ठेवली. "हीं तुजींच."

उघडून पाहिलं, माती तशीच होती.