नखाच्या बुरशीवर लेझर उपचार : माझा अनुभव

माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे आणि करंगळीचे नख काही वर्षांपासून पिवळे पडत, जाड होत आणि टोकाकडून सुटत चालले होते. कोकणातल्या पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होणे आमच्याकडे कुणालाच नवे नाही. मात्र बेचक्यातली बुरशी नखाखाली शिरू शकते आणि एकदा तेथे मुरली की साध्या मलमाने ती हटत नाही, हे मला त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेल्यावर कळले.

मी लेझरचीच चौकशी करायला गेले होते, परंतु त्यांनी आधी तपासणीचा आग्रह धरला. सोरायसिसमुळे किंवा चपलेच्या सततच्या दाबामुळेही नख असेच दिसते आणि तेथे बुरशीवरचा कोणताही उपचार वाया जातो. सुटलेला भाग कापून त्यांनी नखाखालचा पिठासारखा भुगा खरवडून काढला, काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि काही वेळाने मलाही सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले : फिकट पेशींमधून आडवे-तिडवे गेलेले, फाटे फुटलेले तंतू. उरलेला भुगा कल्चरसाठी, म्हणजे बुरशी वाढवून ती ओळखण्यासाठी, गेला, त्याचा अहवाल यायला काही आठवडे लागले आणि त्यात ट्रायकोफायटॉन रुब्रम ही नेहमी आढळणारी बुरशी निघाली.

पायाच्या नखांसाठी टर्बिनाफाइन या बुरशीनाशक औषधाची 250 मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे 12 आठवडे घेणे हा लेझरपेक्षा स्वस्त आणि अधिक खात्रीचा मार्ग आहे, हे बाईंनी स्वतःहून सांगितले. माझ्या रक्ततपासणीत यकृताची विकरे (एन्झाइम्स) वाढलेली निघाल्याने तो तूर्त बंद झाला, आणि इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचे दुसरे औषध माझ्या कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर घेणे सुरक्षित नव्हते. त्यामुळे लेझर उरले. शहरातल्या एका सौंदर्य केंद्राने मला तपासणीशिवाय, ‘कायमचा इलाज’ म्हणून हेच लेझर देऊ केले होते, आणि त्याचा मला आजही राग येतो. कारण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2010 पासून अशा यंत्रांना जी परवानगी दिली, ती स्वच्छ नखाचा भाग तात्पुरता वाढवण्यापुरतीच आहे, बुरशी बरी करण्याची नाही.

मला मधुमेह असल्याने पहिल्या बैठकीआधी तळव्याला आणि बोटांना नायलॉनचा बारीक तंतू टेकवून, डोळे मिटून स्पर्श कळतो का हे पाहिले गेले. ही तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचे, एनडी-याग प्रकारचे हे लेझर नखातून आरपार जाऊन खालची जागा तापवते, आणि उष्णता किती झाली हे मुख्यतः रुग्णाच्या तोंडूनच कळते. ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याला भाजले तरी समजणार नाही.

नख आधी विजेच्या कानशीने घासून पातळ केले, भुगा उडतो म्हणून सर्वांनी मास्क लावले आणि डोळ्यांवर खास चष्मे चढवले. नंतर ठिपक्याला ठिपका लावत प्रकाश आधी उभा, मग आडवा फिरवला गेला. सुरुवातीला नुसती ऊब होती, मग एकाएकी सुई टोचल्यासारखी कळ आली. मी ‘थांबा’ म्हटले की बाई लगेच हात उचलत. भूल लागली नाही आणि घरी मी चालत आले.

पुढच्या बैठका काही आठवड्यांच्या अंतराने झाल्या. नख पूर्वीसारखेच दिसत राहिल्याने घरचे अधीर झाले, परंतु पायाच्या अंगठ्याचे नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटरच वाढते आणि रोगट भाग पुढे सरकून कापला जायला वर्ष-दीड वर्ष लागते. बाईंनी निरोगी आणि खराब नखाच्या सीमेवर कानशीने एक बारीक खाच पाडून ठेवली होती. खाच पुढे सरकत गेली आणि पिवळेपणा तिच्या मागे मुळाकडे आला नाही, तर नवे नख स्वच्छ येत आहे असे समजायचे. दर वेळी मोजपट्टी ठेवून फोटो काढला जाई.

सोबत आठवड्यातून एकदा अमोरोल्फिन या बुरशीनाशकाचे 5 टक्के लॅकर (नखावर लावायचा लेप) आणि तळव्यांना व बेचक्यांना बुरशीवरचे मलम चालू होते, कारण त्वचेवर बुरशी राहिली तर नखाला ती पुन्हा लागणारच. माझा नेलकटर वेगळा झाला, जुने बूट टाकले आणि यजमानांचे पायही तपासून घेतले. त्यांच्याही बेचक्यांत चिखल्या निघाल्या.

आज अंगठ्याचे नख एका कडेची पिवळी रेघ सोडल्यास स्वच्छ आहे आणि तेथील खरवडीत बुरशी सापडलेली नाही. करंगळीच्या नखात ती अजून आहे. यकृताची पुढची तपासणी ठीक आली तर त्यासाठी गोळ्या सुरू करायच्या आणि लेझर थांबवायचे, असे बाईंनी ठरवले आहे, आणि मला ते पटते.