शून्य त्रुटी

अंतराळ, नवं तंत्रज्ञान, मूलभूत भौतिकशास्त्र असा विषय निघाला की मला थांबवणं कठीण जातं, हे माझ्या वर्गमित्रांना चांगलं माहीत आहे. पुढचा काळ विलक्षण असणार, असं मी मनापासून मानतो. हा आशावाद मला माझ्या शाळेच्या प्रयोगशाळेत मिळाला, आणि तोही व्हर्नियर कॅलिपर या बारीक लांबी-जाडी मोजायच्या उपकरणाच्या एका दोषातून.

आमच्या विज्ञानाच्या बाई काहीही मोजण्याआधी कॅलिपरचे जबडे पूर्ण मिटवून बघायला लावत. मुख्य पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी सरकपट्टी, दोन्हींवरची शून्यं समोरासमोर यायला हवीत. मुलांच्या कितीतरी तुकड्यांनी हाताळलेली ती कॅलिपर. बहुतेकांची शून्यं जुळायची नाहीत. सरकपट्टीवरचं शून्य जरा उजवीकडे राहायचं. मग तिच्यावरची कितवी रेघ मुख्य पट्टीवरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते बघायचं. तिसरी जुळली तर ही 'शून्य त्रुटी', म्हणजे शून्यापाशीच असलेली चूक, 0.03 सेंटिमीटर. ती वहीत सगळ्यांत वर लिहायची आणि प्रत्येक वाचनातून वजा करायची. कुणी दुसरं, चांगलं कॅलिपर मागितलं की बाई म्हणायच्या, "यात दोष किती आहे ते कळलंय ना तुला? मग हे चांगलंच आहे."

1990 च्या एप्रिलमध्ये हबल दुर्बीण अवकाशात गेली. जूनमध्ये आमची शाळा सुरू झाली आणि महिनाअखेरीस बातमी आली की दुर्बिणीचा आरसाच चुकलाय. बाईंनी ते कात्रण फळ्याशेजारी लावलं. 2.4 मीटर व्यासाचा तो आरसा कमालीचा गुळगुळीत होता, पण कडेला हवा त्यापेक्षा सुमारे 2 मायक्रोमीटर जास्त सपाट घासला गेला होता. माणसाच्या केसाच्या जाडीचा जेमतेम पन्नासावा हिस्सा! तेवढ्यानं प्रत्येक ताऱ्याभोवती धूसर वलय दिसू लागलं. चौकशीत कारण सापडलं. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग 1.3 मिलिमीटर सरकून बसवलेलं होतं. ते उपकरण जसंच्या तसं जपून ठेवलेलं असल्यामुळे चूक नेमकी किती ते मोजता आलं, आणि मग तेवढ्याच मापाची उलटी चूक मुद्दाम ठेवून छोटे आरसे घडवता आले. डिसेंबर 1993 मध्ये अंतराळवीरांनी दुर्बिणीपाशी जाऊन ही दुरुस्ती केली. पुढच्याच महिन्यात एम 100 या दीर्घिकेची आधीची आणि नंतरची छायाचित्रं प्रसिद्ध झाली. मी तोवर शाळा सोडली होती. ती दोन छायाचित्रं शेजारी शेजारी बघताना मला बाईंची वजाबाकी आठवली आणि अंगावर काटा आला.

तेव्हापासून मी विज्ञानाच्या बातम्या याच नजरेनं वाचतो. रॉकेट उडाल्याचा आनंद मलाही होतो, पण बिघडलेलं यान कुणी कसं सावरलं, हे वाचताना मी अक्षरशः खुर्चीच्या टोकावर येतो. व्हॉयेजर 1 चंच बघा. 1977 साली निघालेलं यान. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच्याकडून येणाऱ्या माहितीला काही अर्थच लागेना. संकेत येत होता, त्यात मजकूर नव्हता. सुमारे 24 अब्ज किलोमीटर अंतर. संकेत जायला साडेबावीस तास, उत्तर यायला आणखी साडेबावीस. अभियंत्यांनी यानाच्या संगणकाची स्मृती मागवून घेतली, आधीच्या नोंदींशी ताडून पाहिली, आणि एक चिप निकामी झाल्याचं शोधून काढलं. त्या चिपमध्ये असलेला प्रोग्राम दुसरीकडे हलवायचा, तर तो अखंड मावेल एवढी मोकळी जागा कुठेच नव्हती. त्यांनी त्याचे तुकडे केले, मिळेल त्या कोपऱ्यात ठेवले, आणि ते तुकडे पुन्हा एकत्र काम करतील अशी एकमेकांतली जोडणी नव्यानं लिहिली. एप्रिल 2024 मध्ये यान पुन्हा बोलू लागलं. ज्यांनी ते मुळात बांधलं त्यांतले कितीतरी जण आज हयात नाहीत. त्यांनी लिहून ठेवलेले जुने कागद मात्र कामी आले. नोंदवही नीट ठेवा असं बाई का सांगायच्या, ते अशा वेळी उमगतं.

"एवढ्या मूलभूत संशोधनाचा उपयोग काय?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं उत्तर खिशातल्या फोनमध्ये आहे. दिशा दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांच्या मानानं दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. वेगामुळे ती 7 नं मागे पडतात, गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे 45 नं पुढे जातात. दोन्ही परिणाम आइनस्टाइनच्या सापेक्षतेतले. ही त्रुटी वजा केली नाही, तर एका दिवसात जागा दहाएक किलोमीटरनं चुकेल. 1915 साली या सिद्धान्ताचा रोजच्या जगण्याशी संबंध कुणी जोडला असता?

त्याच आइनस्टाइननं 1916 मध्ये गुरुत्वीय लहरींचं, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या तरंगांचं, भाकीत केलं. त्या मोजायला 2015 साल उजाडावं लागलं. 14 सप्टेंबरला लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या 4 किलोमीटर लांबीच्या भुजांमध्ये प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असा फरक पडला. समुद्राच्या लाटांचा, वाहनांचा, आरशांतल्या अणूंच्या थरथरण्याचा गोंगाट ओळखून बाजूला काढला, तेव्हा दोन कृष्णविवरांची टक्कर ऐकू आली. लायगोच्या शास्त्रज्ञांच्या गटात आणखी एक पद्धत होती, जी मला फार थोर वाटते. आपली पारख करण्यासाठी तिथं अधूनमधून खोटा संकेत गुपचूप घुसवला जाई. म्हणून खरा संकेत आला, तेव्हा शास्त्रज्ञांनी आधी विचारलं, हा आपणच घातलेला तर नाही ना? स्वतःवर इतका कडक पहारा ठेवणाऱ्यांवर मी विश्वास टाकतो.

हीच कसोटी मी नव्या दाव्यांनाही लावतो. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत लेझरनं इंधनावर 2.05 मेगाज्यूल ऊर्जा टाकली आणि अणूंच्या केंद्रकांच्या संमीलनातून, म्हणजे ती एकमेकांत मिसळण्यातून, 3.15 मेगाज्यूल मिळाली. ते लेझर चालवायला मात्र सुमारे 300 मेगाज्यूल लागले होते. म्हणजे वीजघर अजून लांब आहे. पण तफावत किती, ती कुठे आहे, हे आकड्यांत माहीत आहे. मला तेवढं पुरतं.

आणि अजून केवढं बाकी आहे! विश्वातलं तारे, ग्रह, आपण, हे सगळं मिळून जेमतेम 5 टक्के. उरलेल्या भागातलं कृष्णद्रव्य कशाचं बनलंय ते कुणालाच ठाऊक नाही, कृष्णऊर्जा म्हणजे काय तेही नाही. काही लोकांना हे ऐकून निराशा वाटते. मला तर हेवा वाटतो, आज आठवी-नववीत बसलेल्या मुलांचा.

त्यांच्यासाठी एक खास बातमी इथं नोंदवतो. युरोपीय अंतराळ संस्थेनं जानेवारी 2024 मध्ये लिसा या मोहिमेला मंजुरी दिली. एकमेकांपासून 25 लाख किलोमीटरवर असलेली तीन यानं सूर्याभोवती फिरतील आणि लेझरनं आपापसातलं अंतर मोजत राहतील. जमिनीवर कधीच टिपता येणार नाहीत अशा, महाकाय कृष्णविवरांच्या संथ लहरी तिथं पकडता येतील. उड्डाण 2035 च्या सुमारास ठरलंय. मुलांनो, हिशेब करा: तोवर तुमचं शिक्षण होऊन गेलेलं असेल. त्या यानांच्या वाचनातून काय वजा करायचं आणि काय ठेवायचं, हे ठरवायला माणसं लागतीलच.