सॉरी म्हणजे माफ करा?

इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेते, त्यामुळे हा प्रश्न दर तुकडीत येतोच: ‘मॅडम, सॉरी आणि अपॉलॉजी एकच ना?’

एका विद्यार्थिनीची आजी गेली. परदेशातला सहकारी फोनवर म्हणाला, ‘आय ॲम सो सॉरी.’ हिने लगेच धीर दिला, ‘नो नो, इट्स नॉट युअर फॉल्ट.’ वर्गात हशा पिकला. पण तिचं काय चुकलं? शाळेत आपण सगळ्यांनीच ‘सॉरी म्हणजे माफ करा’ असं घोकलंय.

सॉरी हा ‘सोअर’च्या कुळातला. घसा धरला की ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, तोच सोअर, दुखरा. (‘सॉरो’ दिसायला सख्खा भाऊ, पण त्याचं मूळ निराळं.) म्हणजे सॉरी म्हणणारा स्वतःचं सांगतो, मला वाईट वाटतंय. समोरच्याकडे तो काही मागत नाही. आपलं ‘माफ करा’ मागतं. ‘क्षमस्व’ तर संस्कृतातलं चक्क आज्ञार्थी रूप आहे: तू क्षमा कर! सॉरीच्या सर्वांत जवळचा आपला शब्द ‘दिलगीर’. फारसीतून आलेला, त्यात दिल आहे. पण तो आपण चूकदुरुस्तीच्या चौकटीत आणि सरकारी पत्रांत कोंडून ठेवला.

अपॉलॉजीची कथा उलटी. ग्रीक ‘अपोलोगिया’ म्हणजे बचावाचं भाषण. प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’त सॉक्रेटिस अथेन्सच्या न्यायसभेपुढे बोलतो, पण माफी काही मागत नाही. आज मात्र ‘आय अपॉलॉजाइज’ म्हणजे चूक माझी. सांत्वनाला गेल्यावर हे म्हणालात, तर लोक तुमच्याकडे संशयाने बघतील.

ही सरमिसळ इंग्रजी बोलणाऱ्यांनाही नडते. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २००९ मध्ये कायदाच केला: कुणी सॉरी म्हटलं, म्हणून दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली धरायची नाही.

आमच्या घरी सॉरी उशिरा आलं. त्याआधी ‘चुकलंच माझं’ होतं. आणि कुणाला पाय लागला, तर शब्दच नव्हता. त्या माणसाला हात लावायचा आणि तो आपल्या छातीला न्यायचा. ‘ऑफिसात गोऱ्या साहेबाला पाय लागला तर काय म्हणू?’ असं गेल्या तुकडीत एकाने विचारलं.

म्हटलं, तोंडाने सॉरी म्हण. हात आपोआप जाईलच.