चार ओळींची चौकट

फौजेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पीटीएसडीवर, म्हणजे भयंकर घटनेनंतर मनात घर करून राहणाऱ्या आघाताच्या आजारावर, उपचार घेतले, गुण आला. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी तो फॉर्म. अजून आठवला की डोकं फिरतं.

पीसीएल-५ म्हणतात त्याला, पीटीएसडीची लक्षणं किती आहेत ते मोजायला. वीस प्रश्न. गेल्या महिनाभरात कोणता त्रास किती झाला, त्याला ० ते ४ गुण द्यायचे. ते सोपं वाटतं. गोम वरच्या चौकटीत होती: ‘सर्वांत भयंकर घटना थोडक्यात लिहा.’ चार ओळींची जागा. जे बायकोलाही कधी सांगितलं नाही ते बाकावर बसून, मांडीवर पॅड ठेवून, थोडक्यात! तारीख लिहिली. ठिकाण लिहिलं. पुढे पेन तिथेच टेकून राहिलं आणि कागदावर शाईचा डाग पसरत गेला. खिडकीतून फॉर्म परत आला, ‘अपूर्ण आहे, डॉक्टरांची वेळ मिळणार नाही.’ मीही वाद घातला नाही. खरं सांगायचं तर सुटलो असंच वाटलं.

तीन आठवड्यांनी बायकोने पुन्हा नेलं. या वेळी चौकटीत एकच शब्द लिहिला, ‘अपघात’. फॉर्म घेतला. पण खालच्या वीस प्रश्नांत मीच घोळ घातला. वीस वर्षं ‘कसं काय?’ला ‘ठीक, साहेब’ म्हणायची सवय. सगळीकडे शून्य आणि एक. बेरीज १७. साधारण ३१ ते ३३च्या वर गेलं तर पुढची तपासणी करतात. ‘तुम्हाला तसं काही विशेष दिसत नाही,’ असं सांगून बोळवण केली. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, “अहो, रात्री चारदा उठून दाराची कडी बघता, ते काय शून्य?”

म्हणून सांगतो, फॉर्म भरताना घरचं माणूस शेजारी बसवा. आपल्याला जे नेहमीचं वाटतं, ते त्यांना दिसतं. आणि मरणाचे विचार येत असतील तर असले फॉर्म, खिडक्या, तारखा काही बघू नका, सरळ तातडीच्या विभागात जा.

तिसऱ्या वेळी बेरीज ५१ आली आणि एकदाची डॉक्टरीणबाईंची भेट झाली. त्यांनी आमच्या कार्यालयाची प्रत बघितली, कपाळावर हात मारला आणि मूळ फॉर्म समोर ठेवला. त्याच वाक्यापुढे कंस होता: सांगायला अवघड जात नसेल तर. इथे कुणीतरी नव्याने टाइप करताना कंस गाळला होता. त्या एका कंसापायी माझे अडीच महिने गेले.

उपचाराचं सांगण्यासारखं थोडंच. प्रोलाँग्ड एक्सपोजर घेतलं. दर आठवड्याला साधारण दीड तास, अशा ८ ते १५ बैठका. डोळे मिटून ती घटना आत्ता घडतेय अशी सांगायची, तिचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. मी उभ्या गाडीत काचा चढवून ऐकायचो. पहिले दोन आठवडे झोप आणखी बिघडली. तेव्हाच सोडावंसं वाटतं, सोडू नका, बाईंना सांगा. चौथ्या-पाचव्या बैठकीनंतर मला माझाच आवाज कंटाळवाणा वाटू लागला. बाई म्हणाल्या, तेच हवंय.

माझ्या जुन्या सोबत्याने सीपीटी घेतली, म्हणजे घटनेबद्दलचे आपले विचार तपासून बदलायचा उपचार. साधारण १२ बैठका, आणि त्यात घटना तपशिलात सांगितलीच पाहिजे असं नाही. हे आधी कळलं असतं तर कदाचित मीही तिकडेच गेलो असतो. ईएमडीआर, म्हणजे घटना आठवताना डोळ्यांच्या हालचाली करून घेणारा उपचार, हा तिसरा मार्ग. काय काय उपलब्ध आहे ते पहिल्याच भेटीत विचारा.

राहिलंच. मला सर्ट्रालीन नावाची गोळीही दिली होती. परिणामाला काही आठवडे लागतात, मनाने बंद करायची नाही. दारूने डोळा लागतो पण पहाटे तीनला टक्क जाग येते, हे स्वतः करून पाहिलंय. आणि अंग थरथरायला लागलं की दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. हसू येतं, पण चालतं.

परवा शेवटचा फॉर्म भरला, बेरीज २४. अठराव्या प्रश्नाला, म्हणजे दचकण्याला, अजून ३ गुण आहेत. तिथून निघताना रस्त्यात ट्रकचा फाळका धाडकन पडला आणि मी बायकोचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी वाकली.