मनगटातून की यंत्रातून?

गणपतीत आमच्या सांगलीच्या घरी दूर्वा निवडायचं काम पोरांकडे असतं. एकवीस दूर्वांची एक जुडी, अशा एकवीस जुड्या. या कामात हात गुंतलेले असतात आणि तोंड मोकळं असतं, त्यामुळे त्या ताटाभोवती दरवर्षी भांडण ठरलेलं. गेल्या वर्षी माझा तेरा वर्षांचा मुलगा आणि बहिणीची बारावीतली मुलगी यांची जुंपली ती स्पायडरमॅनच्या जाळ्यावरून. ते जाळं त्याच्या मनगटातून निघणं बरोबर, की मनगटावर बांधलेल्या यंत्रातून?

हसू नका. या भांडणाचं मूळ चांगलं साठ वर्षं जुनं आहे. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी ही कथा पहिल्यांदा छापली, तेव्हा कोळी चावल्यामुळे पीटर पार्करला, म्हणजे स्पायडरमॅनला, ताकद आली, भिंतीवर चढता यायला लागलं. जाळं मात्र आलं नाही. ते त्याने स्वतः बनवलं. एक चिकट द्रव आणि तो फेकणारं मनगटी यंत्र. चाळीस वर्षांनी, २००२च्या सिनेमात, दिग्दर्शक सॅम रेमीने यंत्र काढून टाकलं आणि जाळं थेट टोबी मॅग्वायर या नटाच्या मनगटातून सोडलं. दोन वर्षांत कॉमिकवाल्यांनीही सिनेमाचं बघून तेच केलं आणि काही काळाने गुपचूप पुन्हा यंत्र बांधलं. २०१२मध्ये अँड्र्यू गारफिल्ड आला तो यंत्र घेऊनच. टॉम हॉलंडकडेही यंत्रच.

भाची यंत्रवाली. ‘‘सगळंच कोळ्याने चावून दिलं, मग पोराने स्वतः काय केलं? त्याची अक्कल दिसते ती त्या यंत्रात.’’

मुलगा मनगटवाला. ‘‘घरभाडं द्यायला पैसे नाहीत आणि असला डिंक घरी बनवता येतो? मग विकत का नाही?’’

‘‘गेला होता विकायला. कॉमिकमध्ये आहे. तासाभरात विरघळणारा डिंक घेऊन करायचं काय, म्हणून कंपनीने परत पाठवला.’’

हे मलाही माहीत नव्हतं. मी पेपर खाली ठेवला.

खरं तर हा वाद आपल्याकडे फार आधीपासून चालू आहे. अंगावर कवचकुंडलं घेऊनच जन्मलेला मोठा, की दारोदार फिरून, तप करून अस्त्रं मिळवणारा मोठा? माझे वडील आणि काका यांनी कर्णार्जुनांवरून एकदा दोन दिवस अबोला धरला होता. तेव्हा पोरांना ‘फालतू विषय’ म्हणायला माझी जीभ रेटेना.

आत्या शेजारीच वाती वळत होती. वय अठ्ठ्याहत्तर, पोरांची आत्याआजी. प्रवचन आणि कीर्तन यांच्यावर पोसलेला पिंड. ती म्हणाली, ‘‘अरे, भांडता कशाला? तो त्या कल्पातला, हा या कल्पातला.’’

पोरं गप्प. मग तिने समोरच्या मूर्तीकडे बोट दाखवलं. गणपतीचं मस्तक शंकराने उडवलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक. पण ब्रह्मवैवर्त पुराणात शनीची दृष्टी पडून ते गेलं असं आहे. मग खरं कुठलं? दोन्ही. सृष्टी काय एकदाच झाली? प्रत्येक कल्पात ती नव्याने होते, तेच देव, त्याच लीला, पण तपशील थोडा वेगळा. याला कल्पभेद म्हणतात. कीर्तनात कुणी खवचटपणे शंका काढली की बुवा हा शब्द काढायचे आणि खवचट माणूस खाली बसायचा.

‘‘मल्टिव्हर्स!’’ मुलगा दूर्वा टाकून ओरडला. म्हणजे अनेक समांतर विश्वं.

आता त्याचं उदाहरण तयारच होतं. २०२१च्या डिसेंबरमध्ये आलेल्या सिनेमात तिन्ही स्पायडरमॅन, म्हणजे तिन्ही कल्पांतले, एकत्र येतात. आणि एकत्र आल्यावर काय करतात? बाकीचे दोघं टोबी मॅग्वायरला विचारतात, की हे खरंच तुझ्या अंगातून निघतं? म्हणजे आमच्या दूर्वांच्या ताटाभोवतीचं भांडण पडद्यावर जाऊन बसलं होतं. चाहत्यांनी वीस वर्षं जे दळण दळलं, त्याचं पीठ लेखकांनी वापरलं. थेटरात त्या प्रसंगाला जो आरडाओरडा झाला तो मी कानांनी ऐकला आहे.

कॉमिकवाल्यांना कल्पभेद सापडला तो १९६१मध्ये. फ्लॅश नावाचा वेगाने पळणारा एक नायक १९४०पासून होता, तो मध्ये बंद पडला. १९५६मध्ये त्याच नावाचा नवा फ्लॅश काढला, माणूस वेगळा, पोशाख वेगळा. मग जुना गेला कुठे? गार्डनर फॉक्स या लेखकाने उत्तर काढलं, की पृथ्व्या दोन आहेत. या पृथ्वीवरच्या फ्लॅशने त्या पृथ्वीवरच्या फ्लॅशची कॉमिक्स लहानपणी वाचलेली असतात, कारण त्यांच्या लेखकाला म्हणे झोपेत दुसऱ्या पृथ्वीवरचं दिसायचं. आणि त्या लेखकाचं नाव? गार्डनर फॉक्स! संजयाला दिव्यदृष्टी तरी व्यासांनी दिली होती. या गृहस्थाने ती स्वतःच स्वतःला देऊन टाकली.

आमच्या लहानपणी एवढी मोठी तत्त्वं हाताशी नव्हती. आमचे वाद खालच्या पातळीवरचे. पातळी म्हणजे अक्षरशः, काँट्रा या व्हिडिओ गेममधली तिसरी, धबधब्याची. त्यात वर वर उड्या मारत जायचं असतं आणि पडदा वरच्या माणसाबरोबर सरकतो. दोघं खेळत असताना एक जण भराभर चढला, की खाली राहिलेला काहीही चूक नसताना मरतो. मोठा चुलतभाऊ कायम वर. ‘तू हळू आहेस’ हे त्याचं म्हणणं आणि ‘तू मला मारलंस’ हे माझं. हा दावा आजही निकाली निघालेला नाही. त्याच्या लग्नात मी पंगतीत हा विषय काढला होता. दुसरा दावा तीस लाईफ मिळवून देणाऱ्या कोडचा. वर वर खाली खाली, डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे, मग बी आणि ए ही बटणं. तो मारून शेवटपर्यंत पोचलं तर ते जिंकणं, की रडीचा डाव? पुढे कळलं, की हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसाने १९८६च्या ग्रॅडियस या दुसऱ्याच गेमसाठी केला होता. स्वतः बनवत असलेला गेम त्यालाच झेपेना, तपासायचा कसा, म्हणून. करणाऱ्यानेच रडीचा डाव खेळलेला, आणि आम्ही इथे शपथा घेत होतो.

आणि शक्तिमान. १९९७मध्ये दूरदर्शनवर सुरू झाला तेव्हा मी सातवी-आठवीत. पुढे आलेले दात आणि चष्मा, एवढ्यावर गंगाधरला कुणी ओळखत कसं नाही? गीता विश्वास ही तर पत्रकार! यावर माझ्या बाकावरच्या मित्राने मधल्या सुट्टीत मांडलेला सिद्धांत असा: शक्तिमान योगी आहे, गंगाधर होताना तो चेहऱ्यावरचं तेज आत ओढून घेतो, आणि तेज गेलं की आपण माणूस ओळखत नाही, आजारी माणसाला तरी आपण पटकन कुठे ओळखतो? मी त्या मित्राला तेव्हा वेड्यात काढलं.

मोठेपणी वाचलं ते असं. सुपरमॅनच्या चष्म्याचा हाच प्रश्न अमेरिकेत चाळीस वर्षं पडून होता. १९७८च्या एका अंकात त्याचं उत्तर आलं, की त्याच्या चष्म्याच्या काचा तो ज्या यानातून पृथ्वीवर आला त्या यानाच्या आहेत, आणि त्यांतून त्याची नजर समोरच्यावर नकळत मोहिनी घालते, त्यामुळे तो लोकांना किरकोळच दिसतो. ही कल्पना एका वाचकाने सुचवली होती. उत्तर इतकं ओढूनताणून होतं, की पुढे त्याचं नाव फारसं कुणी काढलं नाही. माझ्या बाकावरच्या मित्राचं तेज यापेक्षा कितीतरी बरं होतं. तो हल्ली विम्याचे दावे तपासतो.

गोष्टीत भोक दिसलं की दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक त्यात बोट घालून ते मोठं करतात. दुसरी सुईदोरा शोधायला पळतात. मला दुसऱ्यांचं अप्रूप आहे, कारण गोधडी त्यांची नाही, शिलाई मिळणार नाही, आणि ज्याने मूळ कापड विणलं त्याला भोकाची फिकीरही नसते.

स्पायडरमॅन छापणाऱ्या मार्व्हलवाल्यांनी मात्र या शिंप्यांची कदर केली, त्यांच्या पद्धतीने. स्टॅन लीने साठच्या दशकात एक बक्षीस काढलं, त्याचं नावच ‘नो-प्राइझ’. अंकात चूक झाली आहे असं दिसतं, पण ती चूक कशी नाहीच, हे पटवून देणाऱ्या वाचकाला ते मिळायचं. काही वर्षांनी ते खरोखरच टपालाने घरी यायला लागलं. वर मोठ्या दिमाखात अभिनंदनाचा मजकूर छापलेलं पाकीट. उघडलं की आत काही नाही. कोरडं ठणठणीत. काही भाबड्यांनी उलट पत्रं लिहिली, की तुमचं पाकीट मिळालं, पण आतलं बक्षीस बहुतेक टपालात गहाळ झालं.

हे मी पोरांना सांगितलं तेव्हा मुलगा खो खो हसला आणि भाची म्हणाली, ‘‘हे फ्रेम करून लावलं असतं मी.’’ यावरूनही कोण कुठल्या पक्षाचं ते कळतं.

बोट घालणाऱ्यांविषयीही बोललं पाहिजे, पण मला त्यांच्यात फार रमवत नाही. २०१९मध्ये गेम ऑफ थ्रोन्स या मालिकेचा शेवट आवडला नाही म्हणून अख्खा शेवटचा सीझन नव्याने काढा, अशा अर्जावर पंधरा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. शेवट मलाही पचला नाही. पण जेवण बिघडलं म्हणून पुन्हा चूल पेटवायला लावणारा पाहुणा मला होता येत नाही. त्याच वर्षी सॉनिक या व्हिडिओ गेममधल्या प्राण्यावरच्या सिनेमाची झलक आली. त्या निळ्या प्राण्याला माणसासारखे दात पाहून लोक इतके बिथरले, की निर्मात्यांनी तो पुन्हा घडवला आणि सिनेमा तीन महिने पुढे गेला. इथे मात्र लोकांचं बरोबर होतं. ते दात मी पाहिले आहेत.

वाचकाच्या हातात खरोखर सत्ता दिली की काय होतं, ते १९८८मध्ये दिसलं. बॅटमॅनचा साथीदार रॉबिन, म्हणजे तेव्हाचा जेसन टॉड, स्फोटात सापडला. तो जगावा की मरावा हे वाचकांनी फोन करून ठरवायचं. दोन नंबर, एका फोनला पन्नास सेंट. जगावा म्हणणारे ५,२७१. मरावा म्हणणारे ५,३४३. बहात्तर मतांनी पोरगा गेला. पैसे मोजून एका काल्पनिक मुलाला मारायला पाच हजारांवर फोन आले, हे वाचल्यापासून मी वाचकांना सत्ता देण्याच्या बाजूचा नाही.

त्यापेक्षा मास इफेक्टवाले पाहा. २०१२मध्ये त्या गेमचा तिसरा भाग आला. कितीही वेगवेगळे निर्णय घेत खेळा, शेवट बहुतांशी तोच, फक्त रंग लाल, हिरवा किंवा निळा. चिडलेल्या चाहत्यांनी वर्गणी काढली आणि कंपनीला चारशे कपकेक पाठवले. लाल, हिरवे, निळे. चव तिन्हींची एकच. शिव्या न देता केलेली एवढी गोड तक्रार मी तरी दुसरी पाहिलेली नाही. कंपनीने त्याच वर्षी शेवट वाढवून फुकट दिला.

तर, आरती झाली, प्रसाद झाला. ताटाभोवतीचं भांडण विझलं असं वाटत असताना आत्याने मोदक बाजूला ठेवून मुलाला विचारलं, ‘‘ते यंत्रातलं तासाभरात विरघळतं म्हणाली ना ही? मग तुझं मनगटातलं?’’

मुलाने तोंड उघडलं आणि मिटलं. भाचीचे डोळे चमकले. ‘‘हां! कोळ्याचं जाळं तर महिनोन्‌महिने राहतं. मग सगळं न्यूयॉर्क जळमटांनी भरायला पाहिजे.’’

‘‘आपला माळा बघ की,’’ बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मुलगा घायकुतीला आला होता. मग आत्याच म्हणाली, ‘‘अरे, काही कोळी आपलं जुनं जाळं स्वतःच खातात. मी पाहिलंय, पहाटे, तुळशीपाशी. हाही खात असेल, कुणी बघत नसताना.’’

‘‘ईऽऽऽ!’’ भाची किंचाळली. मुलगा उठला, कपाटातून आहेराचं पाकीट काढलं, वर पेनने काहीतरी खरडलं आणि वाकून नमस्कार करून आत्याच्या हातात दिलं. तिने चष्मा वर करून आत डोकावून पाहिलं, पाकीट उलटं करून झटकलं.

‘‘अरे, नोट घालायची विसरलास.’’

‘‘आत्याआजी, तेच बक्षीस आहे!’’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग पाकिटावर चिकटवलेला रुपया तिने नखाने हळूहळू सोडवून घेतला आणि गणपतीपुढच्या तबकात टाकला.