नवतपा, कूलर आणि खाऱ्या पाण्याची टाकी

वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव. समुद्र पाहायचा तर एक रात्र रेल्वेत काढावी लागते. अशा ठिकाणी समुद्राची टाकी घरात ठेवायची हौस मला नव्हती. नागपूरचा भाचा नोकरीसाठी बाहेरगावी गेला आणि जाताना तीन बाय दीड बाय दीड फुटांची टाकी, दोन क्लाऊन मासे, एक लेदर कोरल (चामड्यासारखं मऊ प्रवाळ) आणि झोआचे, म्हणजे बटणाएवढ्या प्रवाळफुलांचे, चार-पाच गुच्छ माझ्या गळ्यात मारून गेला. (दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या वाटेला मी गेलो नाही.)

सोबत १५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा होता. थंडीत त्याचं काही वाटलं नाही. मार्चअखेरीस मात्र सकाळी २७ अंश असलेलं पाणी दिवा बंद व्हायच्या वेळी ३१ वर जाऊ लागलं. लेदर आक्रसला, झोआ दिवसभर मिटलेले, आणि दोन गुच्छ तर फिके पडले. प्रवाळाच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला अन्न पुरवतं. पाणी जास्त तापलं की प्रवाळ तेच बाहेर टाकतो. शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. मासे वर येऊन तोंड हलवत होते ते त्यामुळेच.

माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे मी हिशेब युनिटमध्ये करतो. १५० वॅट आठ तास म्हणजे १.२ युनिट. दगड वगळून टाकीत १७० लिटर पाणी. ती सगळी उष्णता पाण्यात उतरली तर पाणी सहा अंशांनी तापेल. सगळी उतरत नाही, पण या दिव्याची बरीच उष्णता किरणांतून सरळ खाली येते. मी दिवा सहा इंचांवरून फूटभर वर टांगला. वरची काच काढून मच्छरदाणीची जाळी ताणली, कारण त्या काचेखाली वाफ कोंडत होती. थोडा फरक पडला.

मग मी गाढवपणा केला. कूलर खोलीत आणला, दार-खिडक्या लावल्या आणि खोली गार झाल्याच्या आनंदात दुकानात गेलो. संध्याकाळी भिंती चिकट आणि पाणी पुन्हा ३० च्या वर. पाण्यावरून वारा घालणारे १२ व्होल्टचे दोन पंखे चालू होते, तरी! बंद खोलीत कूलर तीच ती हवा ओली करत राहतो, आणि ओल्या हवेत पाणी उडत नाही. पावसाळ्यात माठ गार होत नाही, तसंच.

पाणी उडून किती गार होऊ शकतं ते कळायला थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पाहिलं. बंद खोलीत २८, बाहेर ओसरीत, ४४ अंशांच्या उन्हाळ्यात, २३! म्हणजे आमची कोरडी हवा फुकटचं यंत्र होती आणि मी तिला दाराबाहेर कोंडून ठेवलं होतं. कूलर खिडकीबाहेर गेला, समोरचं दार उघडं राहिलं, आणि त्याच पंख्यांनी पाणी २७ ला आणलं. नवतपात, मेअखेरीच्या त्या नऊ तापत्या दिवसांतही, ते २८ च्या वर गेलं नाही.

याची किंमत पाण्यात मोजावी लागते. रोज चार लिटर उडायचं. एवढं पाणी उडताना अडीच युनिटांहून जास्त उष्णता नेतं, दिव्याच्या दुपटीहून अधिक. पण मीठ मागेच राहतं. मी सुरुवातीला भर घालायला खारंच पाणी ओतत होतो, चार दिवसांत खारेपणा दाखवणारा हायड्रोमीटर १.०२५ वरून १.०२८ वर! भर फक्त गोड्या पाण्याची, आणि तीही बोरची नाही, आमच्या बोरात क्षार फार. आरओचा जार आणू लागलो तेव्हा माय म्हणाली, "आमाले बोरचं पानी अन् तुह्या मासोयाईले आरओचं!" यावर उत्तर नव्हतं. आता दोन जार येतात.

बर्फाच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. एक लिटर बर्फ वितळून या टाकीचं पाणी जेमतेम अर्ध्या अंशाने उतरतं, आणि तासाभरात ते पुन्हा चढतं.

पुढच्या हंगामात ६५ वॅटचा एलईडी घेतला. एलईडी तापत नाही असं सांगतात. तापतो, फक्त बरीचशी उष्णता पाण्याकडे न येता वरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांत जाते. जवळच जिनिंग आहे, हवेत रुईचे तंतू उडतात. दोन महिन्यांत दिव्यातल्या छोट्या पंख्याला बोळा बसला आणि दिवा मंद-तेज व्हायला लागला. आता दर रविवारी ब्रश मारतो. ड्रायव्हरही (दिव्याला वीज पुरवणारा डबा) झाकणाबाहेर काढलाय.

दिवा मी संध्याकाळी सातला लावतो आणि रात्री दोनला बंद होतो. प्रवाळाला घड्याळ कळत नाही, रोज तीच वेळ मिळाली की पुरे. दुपारी लाइन गेली तर दिव्याची चिंता नाही, इन्व्हर्टर फक्त पाणी ढवळणारा वेव्हमेकर आणि पंखे ओढतो.

मी मे महिन्याला घाबरत होतो, पण गाठलं जूनने. पहिला पाऊस पडून चार दिवस उघडीप, बाहेर ३६ अंश, ओलं फडकं २८ दाखवतं. पंखे फिरतात, पाणी उडत नाही, पारा २९.५. अशा वेळी हातात एकच गोष्ट उरते, दिवा. पांढरा प्रकाश बंद, फक्त निळा, चार तास. लेदर अर्धाच उघडतो, पण मिटत नाही. आज तिसरा दिवस आहे, आभाळ भरून आलंय आणि माय माठातलं पाणी ओतून तो उपडा घालतेय.