तारखेचा सण

दिवाळी परदेशी नेता येते. बॅगेत सोऱ्या, उटण्याची पुडी आणि घडीचा आकाशकंदील टाकला की चार भिंतींच्या आत सण साजरा होतो. २६ जानेवारीचं तसं नाही. तो मुळात घरात नसतोच. तो शाळेच्या मैदानावर असतो, सोसायटीच्या आवारात असतो, हलवायाने दुकानाबाहेर मांडलेल्या टेबलावर असतो. म्युनिकला नोकरीसाठी आले तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं.

आमच्याकडे प्रजासत्ताक दिन म्हणजे जिलेबी. राज्यघटनेचा आणि जिलेबीचा संबंध काय, असं महाराष्ट्राबाहेरचे मित्र विचारतात. मलाही ठाऊक नाही. पण झेंडावंदन आटोपलं की बाबा त्या रांगेत उभे राहणारच, जणू घटनेत तसं कलम होतं. पुडकं घरी येईपर्यंत पाक झिरपून वर्तमानपत्राचा कागद जिलेबीला चिकटलेला असायचा. तो अलगद सोलावा लागे, तरी एखाद्या वेढ्यावर बातमीची अर्धी ओळ उमटायचीच. "शाई पोटात जाते," आई म्हणायची. "काही होत नाही गं," बाबा म्हणायचे. दरवर्षी हेच.

मग टीव्हीवर संचलन. राष्ट्रगीत लागलं की सगळ्यांनी उठून सावधान, हा बाबांचा नियम. तोंडात घास असेल तर चावायचा नाही. त्या ५२ सेकंदांत पाक हनुवटीपर्यंत ओघळायचा आणि मी न् ताई एकमेकींकडे बघायचं टाळायचो, कारण बघितलं की हसू फुटलंच.

दिल्लीत साडेदहा वाजतात तेव्हा इथे सकाळचे सहा. बाहेर मिट्ट काळोख. कर्तव्यपथावरच्या तुकड्या फोनच्या पडद्यावर बघत मी डबा भरते. महाराष्ट्राचा चित्ररथ असलाच, तर तो येईस्तोवर माझी ट्राम येते. इथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात झेंडावंदन असतं, राष्ट्रपतींचं भाषणही वाचून दाखवतात, पण कामाच्या दिवशी सकाळी जमणार कसं? म्हणून लोक जवळचा शनिवार धरतात. गणपतीचा कार्यक्रम शनिवारी सरकवला तर बाप्पा समजून घेतात. पण ज्या दिवसाचं नावच सव्वीस जानेवारी, तो एकोणतीसला करायचा? मला नाही पटत.

एका वर्षी हट्टाने रजा टाकली. भारतीय दुकानातली गोठवलेली जिलेबी गरम केली. पण खाली रस्त्यावर लोक रोजच्यासारखे कामाला निघालेले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातलेली पोरं नाहीत, पहाटेपासून बोकांडी बसणारा लाउडस्पीकर नाही. (त्या लाउडस्पीकरची आठवण येईल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.) रजा मिळाली, सुट्टी काही लागली नाही. जेवण झाल्यावर मुकाट्याने लॅपटॉप उघडला.

महाराष्ट्र दिनाचं मात्र इथे झकास जमतं. १ मेला अख्ख्या जर्मनीत सुट्टी, दुकानंसुद्धा बंद. १९६० सालच्या त्या तारखेची आठवण ठेवून मी आरामात उठते, श्रीखंड-पुरी करते, बाबांना फोन लावते. शेजारच्या आजी दरवर्षी मोठ्या आदराने शुभेच्छा देतात. मी कामगार चळवळीतली आहे, असा त्यांचा समज आहे.